शाहू मिलच्या 27 एकरांबाबत शासनास, महापालिकेस आणि कोल्हापूरकरांस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त आणि पदाधिकारी, कोल्हापूर महानगरपालिका,
तसेच या जागेसाठी आग्रही असलेले सर्व कोल्हापूरकर

विषय: श्री शाहू छत्रपती मिलच्या जागेचा वापर ठरवण्यापूर्वी करावयाच्या गोष्टी

महोदय,

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली पाया घातलेली शाहू मिल 2003 मध्ये बंद पडली. तेव्हापासून कोटीतीर्थ तलावाच्या काठची सुमारे 27 एकर जागा कुलूपबंद आहे. मिल वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे अखेर राज्य शासनाची. या जागेवर शाहू महाराजांचे भव्य स्मारक व्हावे अशी एक मागणी आहे, तर मिल रोजगारासाठी काढली होती, म्हणून तेथे गारमेंट पार्कच व्हावे अशी दुसरी. दोन्ही बाजूंची निवेदने, मोर्चे, बैठका आणि मंत्र्यांची आश्वासने यांत इतकी वर्षे गेली की मिल बंद झाली त्या साली जन्मलेली मुले आज स्वतः नोकरी शोधत आहेत. निर्णय मात्र झालेला नाही आणि घोंगडे भिजतच पडले आहे.

या दोहोंपैकी एकीच्या बाजूने आणखी एक निवेदन द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र नाही. माझे म्हणणे असे की स्मारक की गारमेंट पार्क हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाकडून धरला आहे. ही जागा अखंड राहणार का, सार्वजनिक मालकीची राहणार का आणि तिच्या शेजारच्या तलावाचे काय होणार, या तीन गोष्टी आधी लेखी ठरल्या पाहिजेत. त्या ठरल्या, तर स्मारक आणि रोजगार एकाच आवारात नांदू शकतात. त्या ठरल्या नाहीत, तर दोघांपैकी कोणीही जिंकले तरी जागा हळूहळू तिसऱ्याच्याच घशात जाईल. तसे घडल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत आणि त्यांतले एक तर याच महामंडळाच्या मिलचे आहे.

ते उदाहरण नागपूरचे. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल पुढे 1986 मध्ये वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, कालांतराने बंद पडली आणि तिची जमीन विकली गेली. आज तेथे त्याच नावाचा मॉल उभा आहे, नाव तेवढे शिल्लक राहिले आहे. शाहू मिल आणि एम्प्रेस मिल एकाच घरच्या. त्यामुळे मिलच्या जमिनीतून पैसा उभा करण्याची कल्पना कोल्हापुरात कोणी मांडणारच नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ती कल्पना कोणी उघडपणे ‘विक्री’ म्हणून मांडणार नाही. ‘प्रकल्पाचा खर्च भागवण्यासाठी दर्शनी भागात थोडी व्यापारी बांधकामे’ अशा निरुपद्रवी वाक्यातून ती आराखड्यात शिरेल, आणि राजारामपुरी व उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना दर्शनी भागाचा भाव काय आहे हे येथे कोणाला सांगायला नको.

दुसरे उदाहरण मुंबईचे. विकास नियंत्रण नियमावलीच्या 1991 च्या नियम 58 नुसार गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी विभागणी होणार होती. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही विभागणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीला लागू न करता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या भागापुरती उरली. शेड पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातून बाहेर गेली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ही दुरुस्ती लोकांच्या बाजूने वाचली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो निकाल फिरवला. कामगारांची घरे आणि मुंबईकरांची मैदाने एका व्याख्येत गेली. त्यावर मोर्चे निघाले नव्हते असे नाही, पण मोर्चा जेथे निघाला तेथे नियम लिहिला जात नव्हता. शाहू मिलच्या बाबतीत नियम अजून लिहायचा आहे, म्हणूनच आताच बोलणे भाग आहे.

आता दोन्ही बाजूंच्या मागण्यांकडे वळतो.

स्मारकाच्या मागणीमागील भावना माझीही आहे. 6 मे 2022 रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवशी सकाळी 10 वाजता हे शहर 100 सेकंद जागच्या जागी उभे राहिले. रिक्षावाला, भाजीवाली, शाळकरी पोरे, कोणालाही सांगावे लागले नाही. अशा राजाचे नाव असलेली आणि त्याने स्वतः उभी केलेली मिल मॉलच्या नकाशात विरघळावी, हे कोणत्याही कोल्हापूरकराला सहन होणार नाही. परंतु ‘भव्य’ या विशेषणाची मला धास्ती वाटते. मुंबईत दादरच्या इंदू मिलच्या 12.5 एकर जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन 11 ऑक्टोबर 2015 रोजी झाले. मध्यंतरी पुतळ्याची उंची वाढवून 350 फूट करण्यात आली, म्हणजे 100 फुटी चौथरा धरून एकूण 450 फूट. दहा वर्षे लोटली तरी काम पूर्ण झालेले नव्हते. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी झाले, त्यापुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उंची, खर्च आणि निविदा यांच्या चक्रात एकदा स्मारक सापडले की जागा पत्र्यांच्या कुंपणाआड जाते, आणि कुंपणाआड गेलेल्या जागेत लोकांना पाऊलही टाकता येत नाही. इंदू मिलच्या दुपटीहून मोठी जागा आपण त्याच वाटेने न्यायची का, याचा विचार स्मारकाच्या मित्रांनी करावा.

शिवाय महाराजांच्या स्मरणाची कोल्हापूरची रीत निराळी आहे. शाहूपुरीची व्यापारपेठ, खासबागचे कुस्ती मैदान, जातीजातींची वसतिगृहे, राधानगरीचे धरण: यांतली एकही गोष्ट पाहण्यासाठी म्हणून बांधलेली नव्हती. राधानगरीचे काम तर महाराजांच्या हयातीत पुरेही झाले नाही. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, कारण पाण्याची गरज होती. नर्सरी बागेत समाधिस्थळ झाले आहे आणि ते शांत, आटोपशीर आणि उचित आहे. मिलच्या आवारात दुसरे समाधिस्थळ नको. तेथे मिल होती, याची जाणीव देणारे काही हवे.

गारमेंट पार्कवाल्यांचा मुद्दा याच कारणाने मला अधिक जवळचा वाटतो. पण त्यांच्या मागणीतही एक ढिलाई आहे, आणि ती दाखवणे भाग आहे. कापड उद्योग ही एक लांबलचक साखळी आहे: कताई, विणाई, रंगाई-धुलाईचे प्रोसेसिंग, मग कटिंग, शिलाई, फिनिशिंग आणि पॅकिंग. विणाईला इचलकरंजी येथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मागांच्या खडखडाटाशी शहराच्या मध्यभागी कोणी स्पर्धा करू नये. प्रोसेसिंगला पाणी प्रचंड लागते आणि त्याचे सांडपाणी कोटीतीर्थाच्या काठावर सोडणे तर कल्पनेतही नको. ज्यांना मोठे कारखाने हवेत, कंटेनर हवेत आणि तीन पाळ्या हव्यात, त्यांच्यासाठी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. मग या 27 एकरांवर उरते काय? उरते ती शिलाई. यादवनगर, दौलतनगर, राजारामपुरी या भागातल्या बाईला मुलाला शाळेत सोडून चालत कामावर येता येईल आणि अंधार पडण्यापूर्वी चालत घरी जाता येईल, असे काम. त्यासाठी साऱ्या जागेची गरजच नाही. दोन-तीन दुरुस्त केलेल्या शेडमध्ये शिलाई यंत्रे, कटिंगची टेबले, एक प्रशिक्षण केंद्र आणि शेजारी पाळणाघर, एवढ्यावर अर्थपूर्ण सुरुवात होऊ शकते. ‘पार्क’ या शब्दाने उगीच आकड्यांची हाव सुटते, आणि हजारो नोकऱ्यांच्या घोषणा पुढे पहिल्या भाडेपट्ट्यापाशीच अडतात, कारण तेथे कोण उद्योजक येणार, किती काळासाठी आणि किमान वेतन व भविष्य निर्वाह निधीच्या अटीसह येणार की त्याविना, हे मागणीच्या कागदावर कोणी लिहिलेले नसते.

तेव्हा दोन्ही मागण्यांना मिळून लागणारी जागा 27 एकरांपेक्षा बरीच कमी आहे, असे माझे मत आहे. 27 एकर म्हणजे जवळजवळ 1 लाख 9 हजार चौरस मीटर. जुन्या दगडी इमारतींमध्ये मिलचे आणि संस्थानच्या औद्योगिक इतिहासाचे संग्रहालय, शेडमध्ये शिलाई व प्रशिक्षण, एक सभागृह आणि वाहनतळ इतके करूनही मोठा भाग उरतो. तो उरलेला भाग कोटीतीर्थाला द्यावा, अशी माझी मागणी आहे आणि या पत्रातील सर्वांत महत्त्वाची मागणी तीच आहे.

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. आज आपण ज्याला गांधी मैदान म्हणतो तेथे वरुणतीर्थ होते, आणि दरवर्षी पावसाळ्यात मैदानात पाणी साचले की पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही, हे साऱ्या शहराला दिसते. कपिलतीर्थावर मंडई झाली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम झाले. प्रत्येक वेळी कारण चांगलेच होते: बाजार, खेळ, मैदान. कोटीतीर्थ अजून जिवंत आहे, पण कसे? उन्हाळ्याच्या अखेरीस मिलच्या बाजूने काठावर उभे राहिले तर पाण्यावर हिरवट साय धरलेली दिसते, गणपतीच्या मूर्तींचे उरलेले लाकडी पाट कडेला अडकलेले असतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की नाकाला रुमाल लावावा लागतो. तरीही पहाटे तेथे फिरायला येणारे थांबत नाहीत, कारण या बाजूला फिरायला दुसरी मोकळी जागा नाही. अशा तलावाच्या चढावर 27 एकर काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि तळघरातील पार्किंग आले, तर पावसाचे मुरणारे पाणी थांबेल आणि गटाराचे तेवढे येत राहील. स्मारकाचे असो वा गारमेंट पार्कचे, आजवर ज्या कल्पना मी ऐकल्या त्यांत कोटीतीर्थ केवळ देखावा म्हणून येते: बोटिंग, कारंजी, रोषणाई. तलावाला रोषणाईची गरज नाही. त्याला पाणी मुरण्यासाठी माती हवी आहे, आणि ती माती पुरवू शकणारी शेजारची एकमेव जमीन ही मिलची आहे.

हे शहर किती आवळलेले आहे, हेही शासनाने ध्यानात घ्यावे. 1972 मध्ये महापालिका झाली तेव्हापासून कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही. 66.82 चौरस किलोमीटरमध्ये सारे शहर कोंबले गेले आहे आणि हद्दवाढीचे राजकारण निकाली निघेल तेव्हा निघेल. इतकी मोठी, एकसंध, सरकारी मालकीची आणि शहराच्या मध्यात असलेली दुसरी जागा या हद्दीत नाही. ती एकदा तुकड्यांत वाटली गेली की पुन्हा जुळणार नाही.

म्हणून निर्णयापूर्वी शासनाने आणि महापालिकेने काही कागद लोकांसमोर ठेवावेत. मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे 27 एकरांचा आकडा नेमका कोणत्या सीमांचा आहे, त्यातील रस्ते, अतिक्रमणे आणि कामगार वसाहतीचा भाग त्यात धरला आहे की नाही, हे कळेल. महामंडळाच्या माथी या जमिनीवर काही कर्ज, बोजा किंवा कामगारांची देणी शिल्लक आहेत काय, याचे लेखी उत्तर. विकास आराखड्यात या जागेचा आजचा वापर काय दाखवला आहे, त्याचा उतारा. आवारातील दगडी इमारती, चिमणी, शेड आणि जुनी झाडे यांची यादी, आणि त्यांपैकी काय वारसा यादीत आहे किंवा घेण्यासारखे आहे, यावर वारसा समितीचे मत. यांतले काहीही गोपनीय नाही. तरी हे सारे एकत्र आजवर एकाही बैठकीत टेबलावर आलेले मी पाहिलेले नाही. संकल्पचित्रे मात्र रंगीत असतात आणि त्यांत झाडे नेहमीच पूर्ण वाढलेली असतात.

त्यानंतर जागेचा वापर बदलायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 चा मार्ग उघडा आहे. बदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती व सूचनांसाठी एक महिन्याची मुदत द्यावी लागते. ही मुदत कागदोपत्री पाळली जाते, पण सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते आणि सुनावणी अशा दुपारी असते की हातावर पोट असलेला माणूस तेथे पोहोचू शकत नाही. शाहू मिलच्या बाबतीत सुनावणी मिलच्या आवारातच, रविवारी, नकाशा भिंतीवर लावून घ्यावी. 2022 च्या कृतज्ञता पर्वात, म्हणजे स्मृतिशताब्दीच्या कार्यक्रमांत, मिलचे दार लोकांसाठी उघडले गेले होते, तेव्हा ते पुन्हा उघडण्यास काही अडचण असू नये.

आणि या बदलाच्या मसुद्यात तीन अटी स्पष्ट शब्दांत असाव्यात. जमीन विकली जाणार नाही आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी हातात जाणार नाही. शेडमधील उद्योगांना द्यायचे ते अल्प मुदतीचे आणि वेतनाच्या अटींनी बांधलेले. जागेचे तुकडे पाडले जाणार नाहीत. निम्म्याहून अधिक जमिनीवर छप्पर तर नाहीच, फरशीही येणार नाही. मुंबईच्या अनुभवावरून ही शेवटची अट संपूर्ण 27 एकरांवर मोजली जाईल, आज रिकाम्या दिसणाऱ्या भागावर नव्हे, हेही त्यातच लिहून ठेवावे.

कोल्हापूरकरांनो, आता थोडे आपल्याविषयी. शहरातील रस्ते प्रकल्पासाठी लावलेल्या टोलविरोधी आंदोलनात आपण सारे एकदिलाने रस्त्यावर उतरलो आणि टोल अखेर रद्द झाला, याचा अभिमान मलाही आहे. परंतु त्या प्रकल्पाचा करार आपण वाचायला घेतला तो रस्ते झाल्यावर आणि नाके उभे राहिल्यावर. टेंबलाईवाडीचा भूखंडही त्याच व्यवहारात रस्ते करणाऱ्या कंपनीकडे गेला, हे पुष्कळांच्या लक्षात फार उशिरा आले. टोल गेला, पण त्या भूखंडासाठी तसा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. शाहू मिलच्या वेळी ‘स्मारकवाले’ आणि ‘गारमेंटवाले’ अशा दोन फळ्या करून आपण भांडत राहिलो, तर करार पुन्हा तिसराच कोणी लिहील आणि आपण तो पुन्हा उशिराने वाचू. दोन्ही कृती समित्यांना माझी विनंती आहे की वरील तीन अटींवर तरी एक संयुक्त निवेदन द्यावे. बाकीचे मतभेद खुशाल राहू द्यावेत. पुतळा बसलेला असावा की उभा, यावर आपण नंतर मनसोक्त वाद घालू; त्यात आपल्याला कोणी हरवू शकणार नाही.

मा. मुख्यमंत्री महोदय, शाहू जयंतीला, 26 जूनला, या जागेसंबंधी दरवर्षी काही ना काही घोषणा होते. येत्या जयंतीला भूमिपूजन नको, निधीचा आकडाही नको. त्या दिवशी मिलच्या दारावर मोजणीचा नकाशा आणि मिळकत पत्रिका लावावी आणि हरकतींची मुदत कधी सुरू होणार, त्याची तारीख खाली लिहावी. तेवढे झाले तर सूचना लिहून घेऊन सर्वांत आधी रांगेत उभा राहणाऱ्यांत मी असेन.

कळावे,

आपला,
कोटीतीर्थ परिसरातील एक रहिवासी,
कोल्हापूर